डाव्या हाताचा पीळ

लांब्याचा हात पट्ट्यात गेला तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, आणि त्याची किंकाळी कुणालाच ऐकू आली नाही. खडीयंत्राचा जबडा दगड फोडत असतो तेव्हा माणसाने कितीही ओरडावं, उघडं तोंड दिसतं तेवढंच.

वकीलबाईने हे सगळं नंतर तुकड्यातुकड्याने, एकेकाला विचारून जमवलं. पट्ट्याच्या शेवटच्या रुळात एक दगड अडकला होता. लांब्या तो पहारीने काढायला वाकला. पहार निसटली आणि बाही रुळाखाली गेली. आधी बोटं, मग मनगट, मग कोपर. पट्ट्याच्या कडेने एक दोरी लावलेली असते. ती ओढली की पलीकडचा लोखंडी खटका पडतो आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. लांब्याने डाव्या हाताने दोरी ओढली. खटका पडला नाही. त्याने पुन्हा ओढली, मग सगळं अंग टाकून तिला लोंबकळला. पट्ट्याने हात खांद्यापर्यंत नेला. खांदा आत मावेना, म्हणून पट्टा तिथेच घासत राहिला.

वर जबड्यापाशी वकीलबाईचा धाकटा भाऊ दगड सोडत होता. खाली पडणारी खडी ओली आणि लाल दिसली तेव्हा त्याला कळलं. तो इंजिनाच्या खोलीकडे पळाला. ते अंतर वकीलबाईने पुढे स्वतः चालून मोजलं: बेचाळीस पावलं. इंजिन बंद झाल्यावर रूळ उलटा फिरवावा लागला. हात बाहेर आला, पण सगळा आला नाही.

लांब्याची बायको त्याच यंत्रावर घमेली वाहायची. उरलेलं तिने फडक्यात गोळा केलं.

भरपाईच्या अर्जावर महिन्याभराने मालकाचं लेखी उत्तर आलं. खटका तारेने बांधलेला होता आणि तो लांब्यानेच बांधला होता. संरक्षण स्वतःच्या हाताने निकामी करणाऱ्या कामगाराला भरपाई देणं लागत नाही.

"यांनीच बांधला म्हणे," लांब्याची बायको म्हणाली. ती वकीलबाईच्या पुढच्या खोलीत चाऱ्याच्या पोत्यांना टेकून बसली होती. खोलीच्या एका भिंतीला कायद्याची पुस्तकं आणि दुसरीला पोती, हेच वकीलबाईचं ऑफिस. "यांनी नाही बांधला. त्या दिवशी म्हैस अडली होती. रेडकू ओढून काढलं आणि तसेच पळालो. पोचलो तेव्हा पट्टा चालू होता."

"हे सांगणारं दुसरं कुणी आहे का, वहिनी?"

"तिथं कोण बोलणार? सगळ्यांना उद्या कामावर जायचंय." तिने पिशवीतून वीतभर तार काढली. "ही चिखलात पडली होती. मुकादम बुटानं आत दाबत होता. मी हात गोळा करत होते, त्यातच हीसुद्धा उचलली. कामाची आहे का बघा."

बांधणीची साधी मऊ तार. मध्ये खटक्याचा आकार घेतलेला वळसा आणि टोकाला तीन पीळ. वकीलबाईने ती कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

रानडुकरं शेतात शिरू लागली होती. दाणा भरत आलेला, आणि रोज सकाळी दोन-दोन ओळी आडव्या. रविवारी यंत्र बंद असायचं म्हणून धाकट्याने कुंपण घालायला घेतलं. वकीलबाई खांब धरायची, धाकटा तार ओढून पक्कडीने पिळायचा. बाबा बांधावर बसून दोघांना शिव्या घालायचे. चाळीस वर्षं दगड फोडून त्यांच्या छातीत इतकी धूळ बसली होती की एका शिवीला दोन श्वास लागत.

"खांब धर नीट. कोर्टात उभी आहेस का?"

"बाबा, तुम्ही बोलू नका, खोकला येईल."

"खोकला येतोच आहे. मग बोलून घेतो."

दुपारी ओढ्याच्या बाजूने किंचाळी आली. अर्धवट लावलेल्या तारेत डुक्कर अडकलं होतं, चांगलं तयार झालेलं. मान आत आणि मागचे पाय बाहेर. जितकं झटके देत होतं तितकी तार आत जात होती. धाकटा कुऱ्हाड घेऊन धावला. "लांब राहा, ताई!" त्याने पाय रोवले आणि कुऱ्हाडीची मागची बाजू डोक्यात घातली. डुक्कर बसलं, परत उठलं. दुसरा घाव नाकावर बसला आणि रक्ताची चिळकांडी थेट वकीलबाईच्या पायावर आली. तिसऱ्या घावाला कवटी आत गेल्याचं तिला दिसलं. पाय मात्र बराच वेळ माती उकरत राहिले.

"बघितलंस?" धाकटा धापा टाकत हसला. "एवढं धूड, पण तार सुटली नाही. आपला पीळ आहे!"

ती तार सोडवायला वाकली. पिळाच्या खाचांत रक्त भरल्यामुळे तिरप्या रेघा ठळक झाल्या होत्या. रेघा खालून वर उजवीकडे चढत होत्या.

कपाटातली तार तिच्या डोळ्यांसमोर आली. तिच्याही रेघा उजवीकडे चढत होत्या.

वर येऊन तिने बाबांच्या हातात पक्कड दिली. "बाबा, एक पीळ घालून दाखवा."

"कशाला?"

"घाला तर."

बाबांनी घातला. रेघा डावीकडे चढल्या. मग ती घरभर फिरली. फाटकाची कडी, बादलीचा दांडा, शेळीच्या गव्हाणीचा खिळा, खाटेचा मोडलेला पाय. घरातलं काहीही मोडलं की धाकटा तारेने बांधायचा. तिने अकरा पीळ मोजले. अकराही उजवीकडे. उजव्या मनगटाचा जोर एका बाजूला लागतो, डाव्याचा दुसऱ्या. इतकी साधी गोष्ट. धाकटा डावखुरा. आणि लांब्या उजवा. त्याचा उजवा आता कुठे पुरलाय ते त्याच्या बायकोलाच ठाऊक.

धाकटा ओढ्यावर कुऱ्हाड धूत होता. तिने कपाटातला कागद त्याच्यासमोर उघडून तार धरली.

"ही तू बांधलीस."

त्याने तारेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कुऱ्हाडीचं पाणी झटकलं. "रोज कुणीतरी बांधतंच. दोरीवर दगड पडतो, पट्टा थांबतो, मुकादम आईवरून शिव्या देतो. त्यानंच पाळी लावून दिली आहे. त्या दिवशी लांब्याची पाळी होती. तो वेळेवर आला नाही, म्हणून मी बांधली. उपकार केला त्याच्यावर, नाहीतर शिव्या त्याला बसल्या असत्या."

"हे कोर्टात सांगशील?"

"वेडी आहेस का? मालक म्हणेल, ह्यानंच हात तोडला. मला आत टाकतील." त्याने हात पुढे केला. "दे ती."

"नाही."

त्याने मनगट धरलं. तिने मूठ आवळली. त्याने तिला खांबावर ढकललं, तिचं डोकं आपटलं, तरी मूठ उघडली नाही. त्याने तारेचं बाहेर आलेलं टोक ओढलं आणि ती तळव्यातून चरचरत गेली. तिने त्याचा दंड दातांत धरला. मग अचानक त्याची पकड सुटली. मागे बाबा उभे होते, खांब ठोकायचा दांडका दोन्ही हातांत घेऊन. दुसऱ्यांदा मारायला त्यांना श्वास पुरला नाही. ते तिथेच मातीत बसले आणि खोकले, आणि धाकटा पाठीवर हात दाबत गुडघ्यांवर आला.

"मी दगड फोडले," बाबा म्हणाले. मग दोन श्वास घेतले. "माणसं... नाही फोडली."

तार तिच्या मुठीतच राहिली होती. तळव्याला आडवी चीर होती आणि पिळात आता तिघांचं रक्त होतं: तिच्या हाताला लागलेलं डुकराचं, तिचं स्वतःचं, आणि आधीचं, लांब्याचं.

मालकाचे वकील म्हणजे थोरले वकील. वकीलबाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांनी तिला कोर्टाच्या आवारात चहाला बोलावलं आणि स्वतःच्या बशीतलं बिस्कीट तिच्या बशीत ठेवलं.

"तुझ्याकडे एक तार आहे म्हणे. लांब्याची बायको विहिरीवर बोलली, मुकादमाच्या कानावर आलं. खटका कुणी बांधला ते मुकादमाला ठाऊक आहे, म्हणजे मालकाला ठाऊक आहे, म्हणजे मलाही. तुला?"

तिने बिस्कीट उचलून परत त्यांच्या बशीत ठेवलं.

"मग ऐक. तार पुढे आणू नकोस. मालक लांब्याला काहीतरी देईल. फार नाही, पण देईल. तुझ्या भावाचं नाव कुठे येणार नाही. सगळ्यांचं भागतं."

"सगळ्यांचं कसं? मुकादमानं बांधायला लावली हे राहतंच ना."

"पोरी, मी तुला कायदा शिकवला. पोट कसं भरायचं ते शिकवायचं राहून गेलं." ते हसले. "अशिलाला विचार. विचारावं लागतंच तुला."

तेवढं खरं होतं. ती त्याच संध्याकाळी लांब्याकडे गेली. तो दारात बसून डाव्या हाताने विळा धारेला लावायचा प्रयत्न करत होता. विळ्याचा दांडा पायाच्या अंगठ्यात धरला होता, आणि अंगठ्याला दोन ठिकाणी कापलं होतं.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आधी मालकाचं बोलणं, मग तार. "ती माझ्या भावानं बांधली. म्हणून मी तुझी केस लढवणं बरोबर नाही. तू दुसरा वकील कर. मी सगळे कागद देते, ही तारही देते."

आत त्याची बायको चुलीपाशी होती. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती बाहेर आली आणि तिने वकीलबाईच्या थोबाडीत मारली. "इतके दिवस तुमच्या घरचं पाणी प्याले मी!" दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा लांब्या ओरडला, "बस कर! मला माहीत होतं."

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"पाळी माझी होती. मी वेळेवर आलो नाही म्हणजे त्यानंच बांधली असणार, दुसरा कोण बांधणार? आदल्या दिवशी मी बांधली होती. त्या दिवशी तो अडकला असता तर?" त्याने विळा खाली ठेवला आणि अचानक वकीलबाईचं मनगट धरलं. "मी दोरी किती जोरानं ओढली, सांगू?" तो आवळत गेला. हाडावर हाड घासलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने हात सोडवला नाही. "इतकी. आणि ह्याच्या दुप्पट. दुसरा वकील कुठून आणू? बाकी सगळे मालकाच्या गाडीत बसून कोर्टात जातात. आणि तो मला काय शिकवणार? 'पाळीबिळी काही नव्हती म्हण, कुणी बांधली माहीत नाही म्हण.' तू काय शिकवशील?"

"पाळी होती हे सांग. तू आदल्या दिवशी बांधलीस हेही सांग. त्यानं केस पडू शकते."

"आणि तुझा भाऊ?"

"त्यालाही मी खरंच विचारीन."

लांब्याने तिचं मनगट सोडलं. चार बोटांचे वळ उमटले होते. "मग तूच लढ. मला पैशापेक्षा हे हवंय, की मुकादमानं ते ऐकावं."

पुराव्याची आणि साक्षीदारांची यादी समोरच्या पक्षाला आधी द्यावी लागते. साक्षीदारांत तिने भावाचं नाव घातलं. तारेसमोर तिने 'तारेचा तुकडा, एक' इतकंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण अर्धवट लिहिणं तिला जमत नसे. शाळेत प्रयोगाच्या वहीतसुद्धा ती चुकलेला आकडा खोडायची नाही. तिने लिहिलं: 'बांधणीच्या तारेचा तुकडा, लांबी एक वीत, तीन पीळ, डाव्या हाताने पिळलेला.'

यादी पोचली त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर फाटकाशी थांबला. ट्रॉलीत खडीच्या ढिगावर धाकटा पडला होता. डावा हात शर्टात गुंडाळलेला, आणि शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता.

"दगड पडला हातावर," ट्रॅक्टरवाला म्हणाला. तो खाली उतरला नाही, वकीलबाईकडे त्याने पाहिलंही नाही. "तसंच सांगायचं आहे."

दवाखान्यात हाडं बसवताना धाकटा दोनदा बेशुद्ध झाला. मधल्या वेळात त्याने सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने त्याला हाक मारली. दोघांनी मागून धरलं. मुकादमाने त्याचा हात लोखंडी पाट्यावर ठेवला, बोटं एकेक करून पसरली. "डावखुरा ना रे तू? कोर्टाला तुझा पीळ बघायचाय." मग घण. दोनदाच. बाकीचे लोक डब्यात बघून जेवत होते. एकाने इंजिन चालू केलं, म्हणजे ऐकायला नको.

चार बोटांची हाडं चुरली होती. अंगठा तेवढा वाचला.

"मुकादमाला कसं कळलं?" धाकट्याने विचारलं. "पीळ डाव्या हाताचा आहे हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

"मी यादीत लिहिलं."

"लिहावंच लागतं?"

"तार लिहावी लागते. डावा हात... नुसती तार लिहिली असती तरी चाललं असतं."

"मग कशाला लिहिलंस?"

"खरं होतं म्हणून."

धाकटा तिच्या तोंडावर थुंकला. थुंकीत रक्त होतं. वेदनेने त्याने जीभ चावली होती. तिने ते पुसलं नाही. बाबा पलीकडच्या बाकावर बसून भिंतीकडे बघत श्वास मोजत होते.

घरी येऊन तिने साक्षीदारांच्या यादीतून भावाचं नाव खोडायचा अर्ज लिहिला. पहिल्यांदाच तिने काहीतरी खोडायला घेतलं होतं. मग तेरा दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. पीक तिने एकटीने काढलं. कापलेला तळवा विळ्याच्या मुठीने रोज पुन्हा उघडायचा. धाकटा बांधावर बसून बघायचा. एकदा उजव्या हाताने पेंढी बांधायला गेला, ती सुटली, आणि त्याने ती लाथ मारून उडवली. कणसांचे दाणे मातीत फुटले. ते वेचायला बाबा वाकले, पण धाकट्याने त्यांनाही वेचू दिलं नाही.

तारखेच्या दिवशी ती निघाली तेव्हा धाकटा फाटकापाशी धुतलेला शर्ट घालून उभा होता. उजवी बाही घातलेली, डावी नुसती खांद्यावर.

"नाव खोडलंस?"

"अर्ज पिशवीत आहे. द्यायचा आहे."

"देऊ नकोस." तो पुढे चालू लागला. "तुझ्यासाठी नाही येत. त्या भडव्यानं एकेक बोट पसरलं होतं."

सुनावणीची खोली लहान होती. भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी टेबलाशी, भिंतीकडच्या बाकावर मुकादम, आणि त्याच्या पायात तेच बूट. वकीलबाईने उभं राहून आधीच सांगितलं, साक्षीदार माझा सख्खा भाऊ आहे आणि माझ्या अशिलाला ते ठाऊक आहे. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. लांब्याने पाळीचं सगळं सांगितलं, आदल्या दिवशी स्वतः बांधल्याचंही. थोरल्या वकिलांनी मान डोलावली, जणू त्यांचीच साक्ष झाली.

मग ते धाकट्याकडे वळले. "त्या दिवशी पाळी लांब्याची होती ना?"

"हो."

"म्हणजे खटका लांब्यानं बांधला."

"मी बांधला. तो अजून आला नव्हता. पाळी मुकादमानं लावली होती, न बांधणाऱ्याला घरी पाठवायचा."

"बहिणीची केस आहे म्हणून म्हणतोस?"

"बहिणीशी मी बोलत नाही," धाकटा म्हणाला. बाकावर कुणीतरी हसलं.

"मग तार तुझी कशावरून? तारेवर नाव लिहिलंय?"

"पिळून दाखवतो."

अधिकाऱ्याने त्याच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "हाताला काय झालं?"

धाकट्याने मुकादमाकडे बोट केलं, उजव्या हाताचं. "त्यांना विचारा. लोक जेवत होते तेव्हा झालं." मुकादम उठू लागला. अधिकाऱ्याने त्याला बसायला सांगितलं आणि काहीतरी लिहिलं.

वकीलबाईने पिशवीतून नवी तार आणि पक्कड काढून टेबलावर ठेवली. दोन्ही तिने रोजच बरोबर ठेवल्या होत्या, अर्ज लिहिल्यावरही. तार धाकट्याने खुर्चीच्या पायाभोवती घेतली, पण खुर्ची सरकत होती. तेव्हा लांब्या बाकावरून उठला. त्याने गुडघा टेकून खुर्चीचा पाय उरलेल्या हाताने आवळला.

"पिळ," तो म्हणाला.

धाकट्याने उजव्या हाताने पक्कड डाव्या हातात बसवली आणि पट्ट्यांच्या आतली बोटं एकेक करून मुठीवर दाबली. अंगठ्याने धरली. मनगट फिरलं. त्याच्या नाकातून घोड्यासारखा आवाज निघाला. पट्टीवर एक ठिपका आला आणि पसरत गेला. एक पीळ पडला.

थोरले वकील पुढे वाकून बघत होते. "साहेब, ह्या एका पिळावरून काय ठरणार? तार कशीही वळते. पुराव्याला तीन पीळ आहेत."

ते बरोबर बोलत होते. वकीलबाईनेही वाकून पाहिलं. एका वेढ्यात रेघ धड उजवी नव्हती, धड डावी नव्हती. तीन असते तर शंका राहिली नसती.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "वकीलबाई, साक्षीदाराची अवस्था बघा. इथे थांबायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

धाकटा वर बघत नव्हता. त्याच्या कपाळावरचा घाम खुर्चीच्या पायावर टपटप पडत होता आणि तो पाय धरलेल्या लांब्याच्या बोटांवरून ओघळत होता. लांब्या तिच्याकडे बघत होता. बाकावर मुकादम बुटाच्या टोकाने फरशी घासत होता, चिखल नसतानाही.

तिच्या तळव्यातली चीर ठसठसत होती. तिने हात टेबलावर ठेवला.

"आणखी दोन," ती म्हणाली.

धाकट्याने मान वर करून तिच्या डोळ्यांत पाहिलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा. मग त्याने शर्टाची मोकळी बाही तोंडात कोंबली आणि दातांखाली धरली.

दुसऱ्या पिळाला कट्कन आवाज झाला. तो तारेचा नव्हता. लांब्याने डोळे मिटले, हात ढिला केला नाही. तिसऱ्या पिळाला धाकट्याने मनगट सोडून सगळं अंगच फिरवलं, खांद्यापासून, जसा लांब्या एकदा सगळं अंग टाकून दोरीला लोंबकळला होता.

पक्कड फरशीवर पडली. अधिकारी स्वतः उठून खाली बसला आणि जुनी तार नव्या तारेशेजारी धरली.

दोन्हींवर रक्त होतं, एकीचं काळं आणि एकीचं ओलं. रेघा उजवीकडे चढत होत्या.